तांबूचं रक्त

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सर्वण गावी. बाबलोकाकांची गाय चंद्री पुन्हा गाभडली, गेल्या खेपेसारखीच. वार अडकलेली, हाताने काढली, खोल पुरायला लावली. ब्रुसेला असणार असं वाटतं. काकांना समजावलं, हा रोग माणसालाही लागतो, कच्चं दूध कोणी घ्यायचं नाही.
चंद्री आणि त्यांची दुसरी गाय तांबू, दोघींचं रक्त घेतलं. तांबू गाभण, दिसायला ठणठणीत. रविवारी ती आमोण्याला जायची आहे, काकांच्या लेकीकडे. सुमित्राला दिवस गेलेत, बाळंतपणात घरचं दूध हवं म्हणून. म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत हलवू नका. काकांनी मान डोलावली.
दवाखान्यात नळ्या टेबलावरच ठेवल्या, रक्त साकळेपर्यंत. मग फ्रिजमध्ये, दाराजवळ. सिरम सकाळी काढेन.

१३ फेब्रु., शुक्रवार
नळ्या मागच्या बर्फाच्या पत्र्याला चिकटलेल्या. आतलं रक्त दगड. काल मी निघाल्यावर वीज गेली होती. आमचे अटेंडंट सावंत, त्यांना वाटलं रक्त नासेल, म्हणून नळ्या जास्त थंडीत सरकवल्या. चांगल्यासाठीच केलं. थंड वेगळं, गोठवणं वेगळं, हे मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं.
वितळल्यावर वर पिवळसर सिरम यायला हवं. सगळं कोकमाच्या आगळासारखं लाल. पेशी फुटल्या. लॅबला फोन केला. चालणार नाही, पुन्हा घ्या.
सावंत दिवसभर फ्रिजकडे फिरकले नाहीत.

१४, शनिवार
दिवसभर पेडण्यात लसीकरण. मोप्याच्या वाटेवर असताना काकांचा फोन लागला. नमुना खराब झाला, उद्या येते, म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे रक्तात कायच नाय मेळूक." तपासणीच झाली नाही, हे दोनदा सांगितलं. त्यांनी काय ऐकलं कोण जाणे.

१५, रविवार
गोठ्यात चंद्री एकटी. तांबू सकाळीच टेम्पोतून गेली. काका म्हणाले, दिवस बघून ठरवलेलं, पोर वाट बघते. भांडायचं होतं, जमलं नाही. चंद्रीचं रक्त घेतलं आणि तशीच आमोण्याला.
सुमित्रा तांबूला गोंजारत उभी होती. तिला सगळं सांगितलं. गाय व्यायला लागली की तू गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, तुझ्या डॉक्टरांच्याही कानावर घाल. तिने शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं, "बाबांका ह्या ठावक होतां?"
हो म्हणावं लागलं.
तिने तांबूच्या पाठीवरचा हात काढून घेतला. घरात गेली ती बाहेर आलीच नाही. तांबूचं रक्त घेताना गाय नवऱ्याने धरली.

१६, सोमवार
सिरम पिवळं, स्वच्छ. सावंतांनी फ्रिजचा मागचा भाग रिकामा करून मध्ये पुठ्ठा लावलाय. नळ्या लॅबच्या गाडीपर्यंत स्वतः नेल्या.

१९, गुरुवार
रिपोर्ट. चंद्री पॉझिटिव्ह. तांबूचं धड हो नाही की नाही नाही; काही आठवड्यांनी पुन्हा रक्त पाठवा. तोवर ती व्यायलेली असेल.
काका दवाखान्यात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. चंद्रीचं सांगितलं. तांबूला परत आणतो म्हणाले. आता हलवू नका म्हटलं, तिथेच वेगळी बांधायला सांगितलंय. निघताना दाराशी थांबले. रविवारपासून सुमित्रा फोन उचलत नाही, म्हणाले.
"डॉक्टरबाय, तुमी तिका सांगा. बाबाक ठावक नाय होतां म्हणान."
मी काही बोलले नाही. त्यालाच त्यांनी होकार समजलं असावं.

२०, शुक्रवार
आमोण्याला जायला निघते आहे. तांबूला बघायला. सुमित्रा बाहेर आली तर रविवारचं ‘हो’ मागे घ्यायचं का, अजून ठरलेलं नाही.