दोनशे चार मिनिटं

प्रिय जितू,

गेल्या रविवारी तू मैदानात उतरलास. शेवटच्या क्वार्टरमध्ये, चार मिनिटं बाकी असताना. हे मी म्हणत नाही, माझी वही म्हणते. म्हणून आज लिहायला बसलोय. खरं तर तू गेलास त्याच आठवड्यात लिहायला हवं होतं, पण तेव्हा माझ्यात ती हिंमत नव्हती.

सोळा वर्षं मी स्कोअररच्या टेबलावर आणि तू कोर्टवर. जिल्ह्याच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या बास्केटबॉल मॅचेस पाहायला येतं कोण? खेळाडूंच्या घरचे आणि दोन-चार कुत्री! पण मी शीट अशी लिहायचो, जणू उद्या ती कुणी न्यायालयात मागणार आहे. नियमांचं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. मला कुणी काही शिकवलं नाही. शीटच्या जोडीला माझी स्वतःची वही: कुणाचे किती रीबाउंड, किती असिस्ट, कोण कधी आत, कधी बाहेर. तू हसायचास. "भाऊ, यवरा अभ्यास केला असतास त कलेक्टर झाला असतास!"

त्या वहीनेच घात केला, जितू.

तुझी शेवटची मॅच. तुझे सतरा पॉइंट, नऊ रीबाउंड, चार फाउल. पाचव्याला खेळाडू बाहेर. चार मिनिटं बाकी, आपण एका पॉइंटने पुढे. शिट्टी वाजली तेव्हा मी मान खाली घालून वहीत तुझाच असिस्ट लिहीत होतो. वर पाहिलं तर तुझा हात वर. फाउल केलेल्याने हात वर करायचा असतो. मी तुझ्या अकरा नंबरपुढे पाचवा फाउल टाकला आणि पंचांना ओरडून सांगितलं, "अकरा, पाचवा, बाहेर!" पंच क्षणभर घुटमळले. पण माझी शीट चुकत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

तू टेबलाजवळ आलास. "भाऊ, माजे चारच हायेत."

"मग हात कुणी वर केला?"

"हात त मी सगल्यांसाठीच वर करतंय!"

खरंच करायचास. नव्या पोरांना कुणी ओरडू नये म्हणून त्यांच्या फाउलला तुझा हात वर! सोळा वर्षं ही खोड मी पाहिली होती आणि त्याच दिवशी विसरलो. वर तुला म्हणालो, "माझ्या शीटवर शंका घेतोस?" तू बेंचवर जाऊन बसलास, टॉवेल डोक्यावर घेतलास. आपण एका पॉइंटने हरलो.

का गप्प बसलास रे? टेबल का नाही ठोकलंस? चार शिव्या का नाही घातल्यास मला? बाकीच्यांशी तर इंचभर जागेसाठी भांडायचास!

आठव्या दिवशी झोपेतच गेलास. एक्केचाळीस वय. डॉक्टर म्हणाले हृदय. माझा त्याच्याशी संबंध नाही, हे मला कळतं. पण तुझी शेवटची चार मिनिटं मी घेतली, हेही कळतं.

तुझ्या दहाव्याला कुणीतरी ग्रुपवर त्या मॅचचा व्हिडिओ टाकला. मी तो किती वेळा पाहिला, विचारू नकोस. फाउल कुठल्या नंबरचा ते दाखवणारी पंचांची बोटं स्वच्छ दिसतात. एक अख्खा पंजा आणि एक बोट. सहा. आणि मागे टेबलावर टक्कल दिसतं, वहीत खुपसलेलं. ते माझं.

त्याच संध्याकाळी तुझ्या आईने, काकीने, बोलावलं. "अनंता, माज्या पोराचा शेवटचा कागद दे रं मना. फोटोच्या बाजूला लावीन." मी झेरॉक्स दिली. एकेक रकाना बोट ठेवून वाचूनही दाखवला. तिने विचारलं, "आनि ह्यो पाचवा कसला?" व्हिडिओ माझ्या खिशात होता, जितू. मी म्हणालो, "काही नाही काकी, फाउल. सगळ्यांनाच लागतात." आता तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी माझी चूक काचेत बसली आहे. मासळी घेऊन निघताना ती रोज त्या कागदालाही हात लावते.

त्यानंतर हे सुरू झालं.

कोर्टवर एका वेळी पाच खेळाडू, मॅच चाळीस मिनिटांची. टीमच्या एकूण मिनिटांची बेरीज दोनशेच यायला हवी. तुझ्यानंतरच्या पहिल्या मॅचला आली दोनशे चार. वाटलं, मन ठिकाणावर नाही. दुसऱ्या मॅचला नवीन वही, नवीन पेन, घड्याळही दुसरं. दोनशे चार. शेजारी घड्याळ सांभाळणाऱ्या शुभांगीला दाखवलं. ती आधी हसली, मग हळूच म्हणाली, "सर, खरं सांगू? शेवटी शेवटी मला कोर्टवर आपले सहा जण दिसले. पंचांना सांगणार होते. परत मोजले तर पाच."

"आधी का नाही बोललीस?"

"तुमच्या शीटवर काय बोलणार?"

आणि गेला रविवार. बेरीज झाल्यावर मी एकेक ओळ बोटाने झाकत गेलो. दहा नंबर, बरोबर. बारा नंबर, बरोबर. त्या दोघांच्या मधे आणखी एक ओळ. तुझी जर्सी कुणी घेतलेली नाही, त्यामुळे त्या ओळीला नंबरच नव्हता. 'आत'च्या रकान्यात: चार मिनिटं बाकी. 'बाहेर'चा रकाना कोरा. अक्षर माझं. शाई माझ्या पेनाची. ती ओळ मी लिहिल्याचं मला आठवत नाही.

सगळे घरी गेले, पोरांनी लाइट बंद करायला घेतले, तरी मी खुर्चीतून उठलो नाही. कोर्टवर चेंडू नव्हता. तरी बुटांचा चरचर आवाज येत होता, एकाच माणसाच्या बुटांचा. मी मान वर केली नाही. त्या दिवशीही केली नव्हती ना?

शनिवारी कमिटीची बैठक आहे. सीझनच्या शीट्स त्या दिवशी बंद होतात, मग कुठलीही दुरुस्ती चालत नाही. मी व्हिडिओ घेऊन जाणार आहे. अकरापुढचा पाचवा फाउल काढायला लावीन, सहापुढे टाकायला लावीन, आणि चूक स्कोअररची, असं पूर्ण नावानिशी लिहून देईन. निकाल बदलणार नाही. मला टेबलावरून उठवतील, तर उठवू देत.

पण त्याच्या आधी, शुक्रवारी पहाटे, काकी बाजाराला निघण्यापूर्वी तुमच्या घरी, सारसोळ्याला येतोय. फ्रेम उतरवून तिला सांगेन, "हा पाचवा तुझ्या पोराचा नव्हता, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो." तिची जीभ तुला माहीत आहे! उंबऱ्यात उभा राहून सगळं ऐकून घेईन. या वेळी मान वर ठेवून.

आणि एक वचन, जितू. रविवारची ती ओळ मी खोडणार नाही. 'बाहेर'चा रकाना माझ्या हाताने भरणारही नाही. तुझं खेळून होईल तेव्हा तूच ये बाहेर.

तुझा,
अनंतभाऊ