कोट बाहेर राहील

३ मार्च

चि. बाबू आणि चि. छकुली,

दोघांना अ. उ. आ. बाबूच्या वाट्याचे थोडे हातचे राखले आहेत.

एका बापाची आपण तीन लेकरं, एका बटणांच्या कारखान्याचे तीन सारखे वाटेकरी, आणि आज तिघांचं गाऱ्हाणंही एकच असायला हवं. आपल्याला न विचारता आपल्या नावावर श्रद्धेचा शिक्का मारला जातो आहे! वकिलाने धाडलेला ठराव मी पुन्हापुन्हा वाचला. संतती देवाच्या इच्छेनेच व्हावी अशी म्हणे कंपनीची श्रद्धा आहे. कंपनीची! बाबू, ती कधी रे गुडघे टेकून बसली? कुणाच्या मरणाला ती रडली? कुठल्या पापाने तिची झोप उडाली? बटणं पाडते, विकते, कर भरते. एवढ्यावर तिला आत्मा कोणी दिला, तुझ्या वकिलाने?

छकुले, वकिली भाषा तुझ्या डोक्यावरून जाते असं तू लिहितेस, म्हणून सोपं करते. नवा कायदा म्हणतो की कामगारांच्या आरोग्यविम्यात मूल न होणाऱ्यांचे उपचारही धरा. बाबूला ते पटत नाही. न पटो, त्याचं मन त्याच्यापाशी. पण मला पटत नाही असं तो कोर्टाला सांगत नाही. कंपनीचा धर्म आड येतो, म्हणून सूट द्या, असा अर्ज करणार आहे. त्यासाठी अठरा तारखेच्या सभेत ठराव हवा, आणि ठरावाला तिघांपैकी दोन हात. एक त्याचा. माझा मेले तरी मिळायचा नाही. राहिलीस तू.

बटणं पाडणाऱ्या छापाच्या यंत्राने एका माणसाची बोटं नेली ते आठवतं ना? तेव्हा बाबू, तू कोर्टात शपथेवर सांगितलंस की कंपनी निराळी आणि मी निराळा. मागायचं ते कंपनीकडे मागा, माझ्या घराकडे बघू नका. कायद्याने ते बरोबरच होतं. मग आज ती निराळी कंपनी तुझ्या देवघरात येऊन कशी बसली? दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही, बाळा. दोष आला की कंपनी परकी आणि पुण्य आलं की घरची, हा कुठला न्याय?

आणि धंदा तरी कुठला आपला? बटण! ते शिपायाच्या छातीवर बसतं, नवरीच्या बसतं, चोराच्याही बसतं. तुझा देव कोणता असं त्याने आजवर एका काजाला विचारलेलं नाही.

माझा गुडघा ठीक आहे. जीभ तर ठीक आहेच, हे तुम्हाला कळलंच असेल. लोभ भांडून केलात तरी चालेल, पण करा.

तुमची,
ताई

७ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. त्यातली विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाच, मग फाड.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. ही म्हणाली, वन्संना उत्तर लिहायचं की टाळ्या वाजवायच्या ते आधी ठरवा. बैस, थोडं पाणी पी, आता माझी पाळी.

छत्री दाराबाहेर ठेवतात तसा देव फाटकावर ठेवून आत ये, असं तू म्हणतेस. मला ते जमत नाही. घरातला मी आणि ऑफिसातला मी अशी दोन माणसं मी पाळलेली नाहीत. या कारखान्यात बाबांची हयात गेली, माझे केस गेले. इथे घेतलेल्या निर्णयाचा जाब मला वर द्यावा लागणार आहे. तिथे कंपनीचा वकील येणार नाही.

तुमच्या वाचनालयाच्या ट्रस्टने दारूवाल्याची देणगी परत केली, तेव्हा संस्थेलाही सदसद्विवेक असतो असं भाषण कोणी ठोकलं होतं? तूच. मी पहिल्या रांगेत होतो, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. ट्रस्टला विवेक असतो, मग कंपनीला का नसावा? पाटीचा रंग वेगळा म्हणून? की आमचा विवेक तुला आवडत नाही म्हणून? खरं सांग हं.

मी कुणाचा हात धरलेला नाही. ज्याला उपचार करायचे त्याने करावेत. माझ्या हातून होऊ नयेत, इतकंच. बोटं गेलेल्या माणसाला मी फाटकावर राखणीला बसवलं आहे, पगार सुरू आहे. तो काही तुझ्या भाषणात यायचा नाही, तिथे जागा नसते.

छकुलीला भंडावू नकोस. ती रोज प्रार्थनेला बसते आणि ती माझ्या बाजूची आहे. जुनी खोली गळत होती, म्हणून कारखान्यात प्रार्थनेची नवी खोली बांधली. आजच रंग झाला. आलीस तर दाखवीन, आत बसायची सक्ती नाही.

माया कमी करू नकोस, आवाज थोडा केलास तर हरकत नाही.

तुझा,
बाबू

११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. रागाच्या भरात लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

काय केलंस हे? मागच्या महिन्यात मी तुला ड्रमवालीबद्दल लिहिलं ते बहिणीला लिहिलं, सभेला नाही. आणि तू परवा तुमच्या गावच्या सभेत, बटणांच्या कारखान्यात ड्रमवर काम करणारी, चाळिशीकडे आलेली, मुलासाठी उपचार घेऊ पाहणारी बाई, असं सगळं रंगवून सांगितलंस. पेपरात आलं. नाव घातलं नाहीस, फार उपकार झाले. पॉलिशच्या ड्रमवर आमच्याकडे बाई एकच आहे, ताई!

पेपर जेवणाच्या सुट्टीत हातोहात फिरला. नळावरच्या बायका तिला औषधं सुचवायला लागल्या. एकीने तर नवऱ्याची तपासणी केली का असं सगळ्यांदेखत विचारलं. तिचा नवरा बस चालवतो. बसमध्ये कुणीतरी त्याला चिडवलं. सासूला त्या दोघांनी काहीच सांगितलं नव्हतं. तिला शेजारणीकडून कळलं, आणि आता ती सुनेशी बोलत नाही, घरात भांडी तेवढी आपटते. या सगळ्यानंतरही ड्रमवाली माझ्याशेजारी डबा घेऊन बसली. तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा तिचं पोट देवाच्या नावावर करायला निघाला आहे, आणि तू कायद्याच्या. तिचं तिच्या नावावर कुणी राहू देणार आहे का?

आणि मी तुझ्या बाजूची आहे असंही धरून चालू नकोस. मूल देवच देतो असं मलाही वाटतं. सकाळी प्रार्थनेहून उठले की वाटतं, दादा खरं तेच म्हणतो, हात वर करायला काय हरकत आहे? मग दुपारी ती समोर डबा उघडते. डॉक्टरांनी तिला बजावलं आहे की वय जातंय, आता थांबू नका, पुढच्या महिन्यात सुरुवात करा. विम्यातून झालं तर होईल, नाहीतर तिला जमणारच नाही. सूट मिळाली की तिचं दार लागलं. माझ्या एका हाताने! दोन दिवस मी बटणं निवडते आहे आणि काळ्यांत तपकिरी टाकते आहे. माझ्या हाताखालच्या पोरी हसतात.

एक विचारते, भाषण न करता सांग. बाबा प्रार्थनेला जाताना अंगातला कोट काढून दाराशी अडकवायचे. मी लहान होते, मला वाटायचं उकडत असेल. का काढायचे?

रागावले असले तरी तुझीच,
छकुली

१३ मार्च

चि. छकुलीस,

अ. आ. आज जास्त द्यायचं तोंड नाही.

चुकले. उदाहरण चांगलं होतं आणि मला टाळ्या हव्या होत्या, याहून दुसरं कारण नाही. ड्रमवालीला मी पत्र लिहिणार होते, पण माझ्या पत्रांचा तिला पुरेसा त्रास झालेला आहे. तू तिला विचार, मी काय करू. ती गप्प बस म्हणाली तर गप्प बसेन. सभेला येईन, हात वर करणार नाही, आणि तोंडही उघडणार नाही.

बाबूला एवढंच सांग की ट्रस्टचा मुद्दा मला झोंबला. रात्रभर चावला. संस्था काही मानू शकते, हे मी म्हणाले होते आणि ते मी गिळणार नाही. पण देणगी नाकारली तेव्हा आम्ही आमच्याच ताटातलं बाजूला सारलं, पुस्तकं कमी घेतली. बाबू दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो आहे. फरक मला तिथे दिसतो. त्याला दिसतो का ते त्याने बघावं.

आता कोट. मीही विचारलं होतं, नऊ-दहा वर्षांची असेन. हिवाळा होता. करड्या रंगाचा, खिशावर कंपनीचं नाव दोऱ्याने भरलेलं. थंडी वाजत नाही का, असं मी म्हणाले. बाबा म्हणाले, कोट कंपनीचा आहे आणि आत जायचं आहे मला. तो बाहेर राहील. परत आले, कोट चढवला आणि ताटकळलेल्या व्यापाऱ्याशी भावावरून घासाघीस करायला लागले. जुन्या खोलीच्या चौकटीवर तो खिळा होता.

मी देव मानत नाही, म्हणून मला ती गोष्ट तेव्हा गमतीची वाटली होती. तू मानतेस. तिचं काय करायचं ते तुलाच जास्त कळेल.

तुझ्या लोभावर सध्या हक्क सांगत नाही, वाट बघते.

ताई

१७ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. एकाच इमारतीत बसून तुला पत्र लिहिते आहे. समोर आले की तू लाडाने डोक्यावर टप्पल मारतोस आणि माझं बोलणं राहून जातं.

उद्या मी हात वर करणार नाही.

ताईने डोक्यात भरवलं असं म्हणू नकोस. तिच्याशी मी आठवडाभर धड बोललेले नाही. मी ड्रमवालीला विचारलं, बाई, आम्ही तुमच्यासाठी काय करावं? ती म्हणाली, ताईंना सांगा माझ्यावर आता बोलू नका. आणि मला म्हणाली, तुमचा देव आणि माझा देव एक नसेल, पण रोज बसता तेव्हा माझंही नाव घ्या. दादा, मी घेतलं. रोज घेते. तिला मूल दे असं त्याच्याकडे मागते, आणि उद्या त्याच्याच नावाने तिच्या दवाखान्याचं दार लावून घेऊ? देतो तोच, असं आपण दोघंही मानतो ना? मग तो डॉक्टरच्या हातून देणार नाही हे कंपनीला कोणी कळवलं?

माझी श्रद्धा माझी आहे. सकाळी उठायचा कंटाळा येतो तरी उठते, कधी शंका येते, कधी रडू येतं. कंपनीला यातलं काय येतं? उद्या तुझ्या लेकाने कारखाना विकला तर यंत्रं जातील, ड्रम जातील, त्यांच्याबरोबर माझा विश्वासही गिऱ्हाइकाच्या गाडीत चढवणार का? तुला वर जाब द्यायचा आहे हे खरं. मलाही द्यायचा आहे. पण तिथे आपण एकेकटे उभे राहणार, वाटेकरी म्हणून नाही.

बाबांचा कोट तुला आठवत असेलच, तू माझ्याहून मोठा आहेस. ताईने का ते सांगितलं. तुझ्या नव्या खोलीला सगळं आहे, पंखा आहे, जाजम आहे, खिळा नाही. आज दुपारी दुरुस्तीवाल्याचा हातोडा आणून मी दाराच्या चौकटीवर एक ठोकला. नव्या रंगाचा टवका उडाला आहे, ओरडायचं असेल तर मला ओरड, त्याला नको. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला, म्हणून अक्षर असं आहे.

तुला दोघी बहिणींनी मिळून पाडलं, असं मला नको आहे. ताई येणार आहे आणि तोंड उघडणार नाही असं तिने कबूल केलं आहे. तो चमत्कार बघायला तरी हसत ये. सभेआधी खोलीकडे ये. खिशावर कंपनीचं नाव असलेला तुझा कोट खिळ्याला अडकव आणि आत जाऊन बस, हवा तेवढा वेळ. बाहेर आलास की कोट चढव, सभेत ये, आणि कुणी मत द्यायच्या आत तो ठराव तुझ्या हाताने मागे घे.

खोलीच्या दाराशी थांबते.

तुझी,
छकुली