कार्डवाले पाहुणे

ड्रेनोवित्सा,
१३ फेब्रुवारी २०१९

प्रिय त्रिफोनकाका,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा खोकला गेला. मधपेट्यांना यंदा थंडी बाधली नाही. काकूंची पाठ आता कशी आहे?

काका, एक प्रश्न आहे. नावाच्या सणाला, ज्या संताचं नाव आपल्याला आहे त्याच्या दिवशी, आपल्याकडे कुणालाच बोलावत नाहीत. दार उघडं असतं, ज्याला आठवण असते तो येतो. मग ‘मला बोलावलं नाही’ म्हणून एखाद्याला घरी बसता येतं का? घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो बैठकीत लावलाय, पण याचं उत्तर मला येत नाही. टोमणा मारत नाहीये. वाटणीत मधपेट्या बाबांकडे आणि द्राक्षमळा तुमच्याकडे गेला, त्यानंतर तुम्ही बाजारात आईला बाबांबद्दल म्हणाला होतात, “लाम्बोने बोलावलं तर येईन.” ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्याचं मी काय केलं, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलंय, आणि बघा, काकूंच्या पाठीपासून सुरुवात केली.

रविवारी बाबांचा सण झाला. सकाळी ते चर्चमधून मधाला आणि पावाला आशीर्वाद घेऊन आले. आईने कोबीच्या पानांत भात गुंडाळून सारमीचं मोठं पातेलं चढवलं होतं, चीजची बानित्सा भाजली होती, दोन टेबलं जोडून पांढरी चादर अंथरली होती. दरवर्षी दुपारच्या आधीच दारात बुटांचा ढीग होतो, तुम्हाला आठवत असेल. यंदा दारात फक्त आमचेच बूट.

“येतील हो,” आई म्हणत राहिली, “रस्त्यावर बर्फ असेल.” बर्फ कुठेच नव्हता. ती पातेलं पुन्हापुन्हा गरम करत होती.

दुपारी फाटक वाजलं. बाबा राकियाचा पेला भरून दाराकडे जवळजवळ धावले. कुरियरवाला होता. वार्नाच्या व्यापाऱ्याने फळांची टोपली पाठवली होती, सोबत चिठ्ठी : उपस्थित राहू शकत नाही, क्षमस्व.

“बस रे बाळा, तू तरी बस,” बाबा म्हणाले.

“काका, गाडी चालवायचीय.”

“मग सारमी खा. ती थोडीच चढते!”

त्याने उभ्याउभ्या दोन खाल्ल्या आणि गेला. बाबांनी टोपली एका खुर्चीवर ठेवली, माणूस बसवावा तशी. संध्याकाळी त्यांनी स्वतःच पाव मोडला आणि मला विचारलं, “नेवे, ज्याच्या सणाला कुणी येत नाही, त्याचा मध कुणी का घ्यावा?”

मी न वापरलेल्या ताटल्या उचलायला लागले.

सोमवारी त्यांनी प्लोव्हदिवच्या मनोलोवला फोन केला. तो दोन वर्षं आपल्या पेट्या, गोदाम आणि बरणीवरचं नाव विकत मागतोय. शुक्रवारी सही. तुम्हाला तर माहीत आहे, बाबांनी आजवर एकही व्यवहार फोनवर केला नाही. आधी सॅलड, आधी राकिया, आधी मुलाबाळांची चौकशी, आणि दराचा विषय थेट कॉफी आल्यावर. मी त्यांना म्हणायचे, “बाबा, हा व्यवसाय आहे, पाहुणचार नाही.” ते म्हणायचे, “ज्याला जेवताना पाहिलं नाही, त्याच्याशी सही कसली?” मनोलोवला त्यांनी जेवताना पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी दुकानात गिंकामावशी भेटली. समोरच्या घरातली, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरणारी. तिने नुसती मान वळवली. मी हात धरला तेव्हा बोलली.

“आम्हाला कुठे कार्ड आलं बाई! पोस्टमनबाई सांगत होती, छापील कार्डं गेलीत, सोनेरी कडांची. कार्डवाल्या पाहुण्यांत आम्ही आपले लोकरी मोजे घालून काय करणार?”

“मावशी, तुम्हाला कार्ड कशाला हवं होतं?”

“हेच तर! आजवर नको होतं. यंदा हवं झालं, म्हणजे ज्यांना मिळालं नाही ते नको झाले. सगळ्या गावाला कळलं ते, एका तुलाच कळलं नाही, शिकलेलीला.”

आता सांगते. कार्डं मी छापली. बाबांच्या व्यापाऱ्यांना मान वाटावा, आपलं नाव मोठ्या कंपन्यांसारखं दिसावं, म्हणून. बाबांना सणाच्या दिवशी आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. व्यापाऱ्यांनी ती सभा समजून दिलगिरी कळवली. गावाने तो नकार समजला.

पण खरं सांगायचं तर व्यापारी हे निमित्त होतं. पहिलं कार्ड मी तुमच्यासाठी लिहिलं. तुम्हाला बोलावणं हवं होतं ना, मग घ्या बोलावणं, असा माझा हिशोब. ‘श्रीयुत त्रिफोन कोलेव यांस, बुधवारपर्यंत कळवावे ही विनंती.’ खाली बाबांच्या नावाने सही. ते जसंच्या तसं परत आलं तेव्हा मला तुमचा राग आला. आता कळतं, सख्ख्या भावाकडून असं कार्ड आलं असं वाटल्यावर तुम्ही ते चुलीत घातलं नाहीत, हेच फार झालं. काका, बाबांनी ते कार्ड पाहिलंही नव्हतं. ते तुम्हाला श्रीयुत म्हणतील का?

सोमवारची रात्र विचारात गेली. सांगितलं, तर बाबांना कळणार की त्यांचं टेबल त्यांच्या लाडक्या लेकीने रिकामं केलं. नाही सांगितलं, तर शुक्रवारी सही होणार, आणि गावाने आपल्याला टाकलं हे मनात धरूनच ते म्हातारे होणार. काल मी गिंकामावशीकडे आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन माफी मागितली. मावशी म्हणाली, “आम्हाला नको सांगूस, तुझ्या बापाला सांग.” ते सगळ्यात अवघड होतं.

आज सकाळी न्याहारीला, आईसमोर, मी सगळं सांगितलं. तुमचं परत आलेलं कार्डही टेबलावर ठेवलं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं.

“ही माझी सही?”

“मी केली, बाबा.”

“त्रिफोनला? माझ्या भावाला बुधवारपर्यंत कळवायला सांगितलंस?”

“हो.”

ते उठून मधपेट्यांकडे गेले. आई माझ्याकडे बघेना. बऱ्याच वेळाने परत आले, आणि बूट न काढताच दारातून म्हणाले, “मनोलोवला सांग, शुक्रवारी जेवायला ये. सहीचं नंतर बघू.” आणि मग, “उद्या त्रिफोनच्या नावाचा सण. त्याने बोलावलंय का आपल्याला?”

“नाही, बाबा.”

“मग जायलाच हवं.”

मनोलोवला मी निरोप दिलाय. हे पत्र तुमच्या फाटकाच्या पेटीत मी स्वतः टाकून जातेय, बेल न वाजवता.

बाबांना सांगून लिहिणारी,
तुमची पुतणी
नेवेना