सकाळी आठची सुंता

धाकटा भाऊ हेझकी अंगणात माझ्या ट्रॅक्टरचं झाकण उघडून आत बघतो आहे, तोवर हे लिहून संपवतो. सहीसाठी मीच त्याला बोलावलं आहे.

मी, ओवादिया बाराशी, वय एकावन्न, राहणार तेल-शकेद. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचं इथे काम नाही. चाळिशीनंतर मला सैन्यातून सूट होती. युद्ध लागल्यावर आपणहून राखीव दलात परत गेलो. उद्या चौथ्यांदा निघतो आहे. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. माझ्या मागे असं व्हावं.

१. घर आणि बचत बायको नोआमीची. मागच्या वेळी तिने विचारलं, "तुझ्यावाचून युद्ध अडलंय का रे?" हे कलम तिने उत्तर समजावं.

२. वेल्डिंगची हत्यारं मुलगा एल्याशिव याला. त्याला काकासमोर नाही म्हणता येत नाही, तरीही.

३. ट्रॅक्टर हेझकीला. वडील गेल्यापासून त्याचा त्यावर डोळा आहे.

गेल्या सप्टेंबरात एल्याशिवला मुलगा झाला, मला नातू. आम्हा ज्यू लोकांत आठव्या दिवशी सुंता. तेव्हा बाळाला मांडीवर घ्यायचा मान आजोबाचा. रजा मिळाली होती, दुपारी एकला पोचणार होतो. सुंता सूर्यास्तापर्यंत कधीही चालते. हेझकीने ती सकाळी आठला उरकली आणि बाळाला मांडीवर घेऊन मानाच्या खुर्चीत स्वतः बसला. मी आलो तेव्हा कागदी ताटल्या गोळा करत होते.

"लोक खोळंबले होते, दादा. तुझं काय, येशील न येशील."

"आणि तुझी पाठ?" त्या पाठीच्या दाखल्यावरच तो सैन्यातून सुटला आहे.

"बाळ असं कितीसं जड असतं?"

४. आमच्या कायद्यात मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. हेझकी कुठलाही कागद न वाचता सही करतो. ट्रॅक्टर मग नोआमीचा. तिने तो विकावा, पण बाराशी आडनावाच्या माणसाला नाही. हे कलम त्याला माझ्या सुतकाला जमलेल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं, जेवणं व्हायच्या आधी.

सही: ओवादिया बाराशी
साक्षीदार: गमलिएल त्सादोक, शेजारी
साक्षीदार: यहेझकेल (हेझकी) बाराशी, भाऊ
तेल-शकेद, ११ मे २०२५

१२ मे, सकाळ. पाकीट चिकटवण्याआधी. हेझकी मला सोडायला गाडी घेऊन आला. एल्याशिव बाळाला घेऊन आला. मी हात पुढे केले. बाळ रडलं आणि हेझकीकडे झेपावलं. आता सात वाजता आम्ही निघतो आहोत.