‘प्रेअरी कॉमेट’चं पिवळं पाकीट

३ ऑक्टोबर १९८७

मिळालं! ‘प्रेअरी कॉमेट’ गाडीचं जुनं तिकीट-पाकीट – पिवळं, चंदेरी इंजिनाचं! माझ्या अल्बममधलं एवढंच राहिलं होतं. एमेट लिंडक्विस्ट तीस वर्षं त्यावर नागासारखा बसला होता. आज चर्चच्या हॉलमधल्या जुन्या रेल्वे-वस्तूंच्या बाजारात त्यानं आपणहून माझ्या हातात ठेवलं. बदल्यात काही मागितलंही नाही. ‘घरी गेल्यावर झाकण उघडून बघा, लव्होन.’ जसं काही मी बघणार नव्हते!

४ ऑक्टोबर

झाकणाच्या आत पेन्सिल! ‘डबा ४, सीट ७ आणि ८’, खाली आणखी गिचमीड. जुने तिकीटबाबू सगळ्याच पाकिटांवर खरडायचे. कोण वाचत बसतंय! पावाचा मऊ गोळा घेऊन अलगद खोडलं. पेन्सिल खोडायची, शाई लागली तर पाकीट मेलं – आम्हा जमवणाऱ्यांचा धर्मच हा.

७ ऑक्टोबर

एमेट कॉफीला आला. कोरं पाकीट ऐटीत दाखवलं.

‘खोडलंत,’ तो म्हणाला.

‘स्वच्छ केलं!’

‘बरं. म्हणूनच पेन्सिलीनं होतं.’

मी केलेल्या पम्पकिन पायला हातही लावला नाही. जळतोय मेला.

११ ऑक्टोबर

चर्चमध्ये कळलं, एमेट सतराला गाडीनं डेन्व्हरला लेकीकडे चाललाय. कायमचा. साऱ्या गावाला सांगितलं, मला नाही! गेला उडत.

खोटं कशाला लिहू? दुपारभर रडले. माझा नवरा हॅरल्ड गेल्यापासून माझ्याशी भांडायला दुसरं आहे कोण?

१६ ऑक्टोबर

सकाळी पाकीट अल्बममध्ये लावत होते. खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि खोडलेली अक्षरं दिसली. शिसं गेलं होतं, दाबाचे वळ राहिले होते.

‘डबा ४, सीट ७ आणि ८. १७ ऑक्टोबर. आठवी सीट तुमची. याल का, लव्होन? नको असेल तर खोडून टाका. – एमेट.’

पाकिटावर बोटाचा डाग पडला तरी दोन दिवस न जेवणारा माणूस! त्यानं त्यावर लिहिलं! आणि मी त्याचा प्रश्न पावानं पुसून, वर पम्पकिन पायसोबत त्याच्यापुढे मांडला. गाढव आहे मी.

दिवसभर फोन केले. उचलत नाही.

१७ ऑक्टोबर, गाडीत

वळांच्या खाली शाईनं लिहिलं – ‘हो.’ फलाटावर त्याच्या हातात दिलं. ‘पाकिटाची वाट लावलीत,’ म्हणाला, आणि डोळे पुसत बसला. आठव्या सीटचं तिकीट त्यानं परत केलंच नव्हतं. खिडकीची जागा आहे.