दिवेवाल्याचं वय

मिलवॉकी, विस्कॉन्सिन
११ फेब्रुवारी २००८

प्रिय ऑरिन,

गुडघा कसा आहे? ऑपरेशन झाल्याचं डॉरिसकडून कळलं. तुझी बहीण आहे म्हणून तिकडच्या बातम्या तरी मिळतात. काठी टेकत दारातला बर्फ स्वतःच उपसतोस म्हणे. शेजारच्या पोराला सांगायला जीभ झिजते का?

माझं बरं चाललंय. दर शुक्रवारी ऑफिसातली पोरं मला तळलेले मासे खायला ओढून नेतात आणि वयाचा मान म्हणून मला आधी वाढतात. डोळे अधू झालेत, पण नकाशावरची बारीक अक्षरं अजून वाचता येतात.

आपल्या खेळाची नवी आवृत्ती येतेय. चौथी. खेळांच्या दुकानाच्या तळघरात दर शनिवारी तुझ्याकडे खेळायला येणाऱ्या मंडळींकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. या वेळी कंपनीने आपण रचलेल्या जगाचं कॅलेंडर एकदम शंभर वर्षं पुढे न्यायचं ठरवलंय. नवे राजे, नवी युद्धं, म्हणजे नव्या खेळाडूंना जुनी पुस्तकं वाचावी लागणार नाहीत. केल्डन बंदर राहतंय. हजार वर्षं जगणारे एल्फ राहतायत. माणसं कशी राहणार?

आता तू पत्र खाली ठेवशील, कॉफी करशील, मग पुन्हा उचलशील. कर कॉफी.

पिमबद्दल लिहितेय हे तुला कळलंच असेल. आपल्या जेवणाच्या टेबलावर तू गोष्ट सांगायचास आणि कर्ट मित्रांबरोबर फासे टाकायचा. बाकीची पोरं सरदार व्हायची, जादूगार व्हायची. आपला मुलगा झाला केल्डनचा दिवेवाला, पिम. "बाबा, तलवारी सगळ्यांकडेच आहेत. संध्याकाळी दिवे कोण लावणार?" कर्ट गेल्यावर वर्षभराने आपण ते जग खोक्यात घालून छापलं आणि त्यात पिमला ठेवलं. कर्टसारखाच सोळा वर्षांचा, ताडमाड, कधी टोपी न घालणारा. वाचणाऱ्यांना वाटलं, छान पात्र आहे.

दुसऱ्या आवृत्तीत कॅलेंडर दहा वर्षं पुढे गेलं. तोवर आपण वेगळे झालो होतो. मी पिमला सव्वीसचा केला, तर तुझा फोन.

"मार्लिस, त्याला मिशी?"

"सव्वीसचा झालाय तो. ठेवतात पोरं."

"माझ्या टेबलावर तो सोळाचा आहे."

"तुझ्या टेबलावर काय, सगळ्यांनी सोळाचंच राहायचं?"

"हो," म्हणालास आणि फोन आपटलास. मी पाठवलेलं पुस्तक परत आलं. त्यानंतर तू कंपनीचं एकही पुस्तक घेतलं नाहीस, अजून पहिल्याच खोक्यावर खेळ चालवतोस. म्हणजे तिसऱ्या आवृत्तीत त्याचं काय झालं हे तुला माहीतच नाही. ते पान सोबत जोडलंय. वाच किंवा वाचू नकोस.

आता चौथीचं. आमचा संपादक ब्रेंट चांगला पोरगा आहे, पण त्याला यातलं काही ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात म्हणाला, "लोकांना तुमचा दिवेवाला आवडतो हो. आपण त्याला भूत करू. बुडून मेलेला, हिरवट, दीपस्तंभावर फिरणारा. खेळाडूंना मारायला मस्त."

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. परत येऊन म्हटलं, "केल्डनचं प्रकरण मी लिहिणार." तो म्हणाला, "मग महिनाअखेरपर्यंत द्या, नाहीतर माझं भूत छापायला जाईल."

ते मी लिहिलंय, ऑरिन. तेही सोबत आहे. पिम एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन मेला. घरात, रात्रीचं जेवण झाल्यावर, आपल्या बिछान्यात. पाण्यात नाही. हे एवढंच लिहायला मला चार दिवस लागले.

जे कधी बोलले नाही तेही लिहून टाकते. त्या मार्चमध्ये तू कर्टला गोठलेल्या तळ्यावरच्या झोपडीतून मासेमारीचं सामान आणायला पाठवलंस. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याच बर्फावरून ट्रक जात होते. बर्फ धरेल असं अख्ख्या किनाऱ्याला वाटत होतं. तो कर्टखालीच फुटला. मी तुला एक दिवसही दोष दिला नाही. मी त्यासाठी घर सोडलं असं तू धरून चाललायस, पण ते खरं नाही. त्या घरात रोज तोच मार्च होता. तू आपल्या मुलाला त्याच्यापुढे जाऊच देत नव्हतास, आणि मला तो मोठा झालेला बघायचा होता. कागदावर तर कागदावर.

त्या खोक्यावर अजून आपल्या दोघांची नावं आहेत. तू नको म्हणालास तर मी हे पान देणार नाही. मग ब्रेंट त्याचं भूत करेल, आणि देशभरातली पोरं त्याला फाशांनी मारत बसतील. तू हो म्हणालास तर तो एक म्हातारा म्हणून जाईल. तिसरा मार्ग मी फार शोधला. नाही सापडला.

गुडघ्याला जप.

कर्टची आई,
मार्लिस


फाँड्यूलॅक
२४ फेब्रुवारी २००८

प्रिय मार्लिस,

गुडघा भिकार आहे. बर्फ मीच उपसतो.

पानं फ्रिजवर ठेवून दिली होती. डॉरिस म्हणाली, "मी वाचून दाखवू का?" तिला घरी पाठवलं. काल सकाळी वाचली.

त्याला दोन मुली आहेत हे मला कुणी सांगितलं नाही. आठ वर्षं ते तिसऱ्या आवृत्तीचं पुस्तक दुकानात माझ्या डोक्यावरच्या फळीवर होतं. त्याचे केस पातळ झालेत, माझ्या बापासारखे, असं लिहिलंयस. बरोबर आहे, झालेच असते. आणि धाकटी दातांतून शिट्टी वाजवते. ती माझ्यावर गेली. पण पोरींची नावं कुठे आहेत? बायकोचं दिलंस, कुत्र्याचंसुद्धा दिलंस.

ट्रकचं लिहिलंस ते बरं केलंस. त्यावर मी काही लिहू शकत नाही.

काल शनिवार होता. सगळे आले होते. कर्टच्या वर्गातला वेनही. तो पहिल्या दिवसापासून बसतो, आता पुरता टकला झालाय. मी सुरुवात केली, "केल्डनमध्ये हिवाळा संपला. नवं वर्ष लागलं."

वेनने फासे खाली ठेवले. "ऑरिन, आपल्याकडे नवं वर्ष कधीपासून लागायला लागलं?"

"आजपासून. पिम सतरा वर्षांचा झाला."

वेन उठला आणि पायऱ्यांपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग मी म्हटलं, "बसा रे, पिझ्झा गार होतोय."

तुझं पान दे छापायला. बिछान्यात, जेवून, म्हातारा होऊन. चांगलं आहे ते. पोरींची नावं तेवढी घाल.

पण मला तुझ्याइतकं भरभर जाता येणार नाही. दर शनिवारी एक वर्ष, एवढंच जमेल. मिशी एप्रिलअखेर येईल, तिची मला आता हरकत नाही. लग्न उन्हाळ्यात, मग मुली. तुझं पुस्तक बाजारात येऊन जुनं होईल तरी इथे तो पन्नाशीतच असेल. एक्क्याऐंशीचा व्हायला पुढच्या वर्षीचा वसंत उजाडेल, तोवर तो माझ्याकडे आहे.

त्या शेवटच्या शनिवारी तू ये. तळघराच्या पायऱ्या उंच आहेत, वेन हात देईल. त्या दिवशी मला एकट्याला गोष्ट सांगता येणार नाही.

कर्टचा बाप,
ऑरिन