चेअरमन, सत्ताविभाजन आणि पाण्याचा पाइप

२ नोव्हेंबर, रविवार
मोशीतल्या आमच्या सोसायटीचा चेअरमन होऊन वर्ष झालं. सेक्रेटरीने राजीनामा दिलाय, खजिनदार उत्कर्षा मॅडम बाळंतपणाला माहेरी गेल्यात. सगळं मीच बघतो. एकाही माणसाची तक्रार नाही. तक्रारपेटीची किल्ली हरवलीय, ती शोधायला हवी.

संविधान दिनाला दरवर्षी धम्मरत्न बोलतो. यंदा मीच बोलणार. विषय: सत्ताविभाजनाचा उगम. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, ही कल्पना आली कुठून? धम्मरत्न म्हणाला, बोल की भावा, मी प्रास्ताविका वाचतो. मोठ्या मनाचा गडी. चाकणला आम्ही एकाच कंपनीत. तो प्रॉडक्शनला, मी क्वालिटीला. रोज त्याच्याच गाडीतून जातो. माझी गाडी नवी आहे, हायवेवर खडी उडते.

५ नोव्हेंबर
संकल्प: रोज तासभर वाचन. आज ग्रीकांपर्यंत पोचलो. राज्याच्या कारभाराचे तीन भाग असतात, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मग डोळा लागला.

पाण्याची बोंब आहे, टँकरवर दिवस काढतोय. नवीन नियम केला: पाइपने गाडी धुणाऱ्याची गाडी महिनाभर गेटबाहेर. मीटिंग घेतली नाही. मीटिंगला लोक येतात आणि बोलतात.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
गाडीवर फार धूळ बसलेली. नियम धुण्याविरुद्ध आहे. मी नुसता फवारा मारला. प्रेशर तपासणं चेअरमनचं कामच आहे. तेवढ्यात टँकरवाल्याचा फोन आला, बोलत बोलत वर आलो.

दुपार
हद्द झाली! कोणीतरी पाइप चालू ठेवला. टाकी कोरडी ठणठणीत. सीसीटीव्ही बघितला. पार्किंगमध्ये धम्मरत्न, हातात पाइप! रेकॉर्डिंग आणखी मागे नेऊन बघावं असं वाटलं होतं. नेलं नाही. फार मागेपुढे केलं की मशीन बिघडतं म्हणतात.

१० नोव्हेंबर
निकाल दिला. दोस्त असला म्हणून काय झालं, कायदा सगळ्यांना सारखा. धम्मरत्नने एवढंच विचारलं, रेकॉर्डिंग पूर्ण बघितलंस का? म्हटलं, बघितलं. अपील करायचं असेल तर अर्ज चेअरमनकडे दे, हेही सांगितलं. तो खाली जाऊन गाडी गेटबाहेर लावून आला.

वाचन: इंग्लंडचा राजा जेम्स. त्याला स्वतः खटले चालवायचे होते. सरन्यायाधीशाने तोंडावर सांगितलं, महाराज, हे तुमचं काम नव्हे. राजा भडकला. किती हट्टी माणसं असतात!

११ नोव्हेंबर
धम्मरत्न न सांगताच निघून गेला. बसने गेलो. चाकणपर्यंत उभा. निघोजे गावच्या एका माणसाने माझ्या पायावर डब्याची पिशवी ठेवली.

१५ नोव्हेंबर
एक फ्रेंच विद्वान सापडला. नाव उच्चारता येत नाही, भाषणात 'एक थोर फ्रेंच' म्हणेन. स्वतः न्यायाधीश होता. इंग्लंडला जाऊन कारभार बघून आला. त्याचं म्हणणं असं की तिन्ही सत्ता एकाच हातात गेल्या की सामान्य माणसाचं स्वातंत्र्य संपलंच. अमेरिकेच्या राज्यघटनेने हे उचललं. विजयश्रीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, हे एकदा हळू वाचा. मी हळू वाचलं. ती पोळ्या लाटायला गेली. तिला राज्यशास्त्रात गोडी नाही.

१८ नोव्हेंबर
वाईट झालं. टाकी भरायला मागवलेला टँकर रिव्हर्स घेताना धम्मरत्नच्या गाडीवर गेला. मागचा दरवाजा चेपला, दिवा फुटला. गाडी गेटबाहेर होती म्हणून. चूक ड्रायव्हरची. तरी जेवण गेलं नाही.

कंपनीत धम्मरत्नच्या लाइनचे पार्ट तपासले. सगळे ओके. त्याला सांगायला गेलो. तो म्हणाला, ओकेचा टॅग लाव आणि जा.

२५ नोव्हेंबर
भाषण तयार. इंग्रजांच्या काळी आपल्याकडे कलेक्टरच वसुली करायचा, तोच कारभार हाकायचा आणि तोच मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षा ठोठावायचा. हे वेगळं करा म्हणून लोक कित्येक वर्षं ओरडत होते. म्हणून आपल्या संविधानात पन्नासावं कलम आलं. दाखला कंपनीचाच देणार: पार्ट बनवतो त्याने तो पास करायचा नाही. बिनतोड. टाळ्या पडणार.

२६ नोव्हेंबर
टाळ्या पडल्या नाहीत.

कंपनीच्या दाखल्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. मग शालनबाई उठल्या. सोसायटी त्यांच्याच रानात उभी राहिलीय, पहिल्या रांगेत बसतात. म्हणाल्या, आरं निरंजन, मंग त्या पाइपाचं कुनी तपासलं? नियम तूच केला, पकाडलं तूच, शिक्षा बी तूच दिली. तू त्यो कलेक्टर न्हाई व्हय?

सगळा हॉल हसला. विजयश्री सोडून. धम्मरत्नने पुढे येऊन माईक घेतला. मला वाटलं, आता हा माझी अब्रू काढणार. तो म्हणाला, उभे राहू या, प्रास्ताविका वाचू या. माझ्यासाठी उठला होता तो! 'न्याय' या शब्दाला मला सीसीटीव्ही आठवला.

घरी येऊन नऊ तारखेचं रेकॉर्डिंग मागे नेलं. मशीन बिघडलं नाही. मी. नवी गाडी. कानाला फोन, पाइप जमिनीवर टाकून निघालेला. मग बराच वेळ नुसतं पाणी. मग धम्मरत्न येतो, पाइप उचलतो, नळ बंद करतो, पाइप गुंडाळून ठेवतो. माझ्या ओल्या गाडीकडे एकदा बघतो. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तो बोलला नाही. लाज वाटते. दुसरं काय लिहू?

२७ नोव्हेंबर, सकाळ
रात्रीच स्वतःविरुद्ध निकाल लिहिला: निरंजन दोषी, नवी गाडी दोन महिने गेटबाहेर. विजयश्रीला दाखवला. ती म्हणाली, परत तुम्हीच?

संध्याकाळ
धम्मरत्नकडे गेलो. माफी मागितली. त्याने चहा दिला. म्हटलं, शिक्षा तूच सांग. तो म्हणाला, नुकसान माझं झालंय, मी कसा न्याय करू? कमिटी निवडा, ती ठरवेल. बरोबरच होतं. उठताना चाचरत विचारलं, उद्यापासून तुझ्या गाडीत येऊ का?

तो म्हणाला, तेही कमिटीलाच विचार.

निवडणूक पुढच्या महिन्यात. तोवर बस.